तुमच्या नाकाजवळची हवा

फोनवरचं अॅप सकाळी सांगतं की आज हवा 'मध्यम' आहे. आपण तो रंगीत ठिपका बघतो, ठीक आहे म्हणतो आणि बाहेर पडतो. हा आकडा येतो कुठून? बहुधा काही किलोमीटरवरच्या एखाद्या गच्चीवर ठेवलेल्या यंत्रातून. यंत्र अचूक असतं, महागडं असतं, त्याची निगा राखायला माणसं असतात. अडचण एकच, त्या गच्चीवर आपण राहत नाही.

मध्यंतरी आठवडाभर मी साबणाच्या वडीएवढा एक सेन्सर पिशवीच्या पट्ट्याला अडकवून फिरत होते. हवेतल्या बारीक कणांचा एक आकडा तो दर मिनिटाला नोंदवायचा. आठवडा संपल्यावर आलेख उघडला. मला वाटलं होतं लाटा दिसतील, दिवसा वर आणि रात्री खाली. दिसलं ते भलतंच: बराच वेळ सपाट माळरान आणि त्यात मधूनच खांबासारखी उभी टोकं. जवळजवळ प्रत्येक टोकाचं कारण आठवत होतं. हे सिग्नलला ट्रकच्या मागे उभी होते तेव्हाचं. हे भुयारी मार्गातलं. हे वीज गेली म्हणून लावलेल्या मेणबत्त्या फुंकून विझवल्या त्या क्षणाचं. (नीट जळणाऱ्या मेणबत्तीपेक्षा नुकती विझवलेली जास्त धूर सोडते, हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.) आणि सगळ्यांत उंच टोक घरातलंच निघालं. स्वयंपाकघराची खिडकी बंद, भांड्यातलं तेल जरा जास्तच तापलेलं आणि मी फोनवर गप्पा मारण्यात गुंग. त्या वेळी अॅपवर हवा 'चांगली' होती.

अॅप खोटं बोलत नव्हतं. शहराच्या हवेत काय आहे, एवढंच ते सांगत होतं. माझ्या नाकात काय जातंय हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

प्रमाण, एक्स्पोजर आणि डोस

या विषयात तीन शब्द सारखे एकमेकांत मिसळतात, ते आधी सुटे करू.

पहिला, हवेतलं प्रमाण. एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत ते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कणांमध्ये सर्वांत जास्त बोललं जातं ते पीएम २.५ बद्दल, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांबद्दल. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या कणांचा अंदाज यावा. त्यांची चर्चा जास्त होते कारण ते नाकातल्या केसांना आणि घशाच्या ओलाव्याला चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात.

दुसरा शब्द एक्स्पोजर. तुम्ही जिथे होता तिथलं प्रमाण, आणि तिथे होता तितका वेळ. दोन्ही असल्याशिवाय एक्स्पोजर होत नाही. निर्मनुष्य माळावर कारखान्याचा कितीही धूर साचला तरी तिथे कुणी श्वास घेत नसेल तर एक्स्पोजर शून्य.

तिसरा डोस, म्हणजे प्रत्यक्ष शरीरात किती गेलं. इथे श्वासाचा वेग मोजणीत येतो. झोपेत माणूस मिनिटाला साधारण ६ लिटर हवा आत घेतो, भरभर चालताना २५ लिटरच्या आसपास, धावताना त्याहून कितीतरी जास्त.

उदाहरणासाठी एक दिवस कागदावर मांडू. आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतले आहेत, कुणाच्या मोजणीतले नाहीत. आठ तास झोप, खोलीत ३० मायक्रोग्रॅम. आठ तास कामाच्या जागी, तिथे २५. पाच तास घरात इकडे तिकडे, ३५. एक तास स्वयंपाक, २५०. दोन तास रस्त्यावर, ११०. प्रत्येक जागेचं प्रमाण तासांनी गुणायचं आणि बेरीज करायची: २४० अधिक २०० अधिक १७५ अधिक २५० अधिक २२०, म्हणजे १,०८५. याला २४ ने भागलं की दिवसाची सरासरी येते ४५.

आता त्या बेरजेकडे जरा नीट बघा. स्वयंपाक आणि रस्ता मिळून दिवसाचे फक्त तीन तास, म्हणजे आठवा हिस्सा. पण १,०८५ पैकी ४७० त्यांच्या खात्यावर आहेत, जवळपास ४३ टक्के. डोस काढला तर चित्र आणखी झुकतं. आठ तासांच्या झोपेत मिनिटाला ६ लिटरप्रमाणे २,८८० लिटर हवा आत जाते. रस्त्यावरचे दोन तास भरभर चालण्यात गेले तर मिनिटाला २५ प्रमाणे ३,००० लिटर. म्हणजे दोन तासांच्या चालण्यात अख्ख्या रात्रीपेक्षा जास्त हवा, तीही जवळपास चौपट मळकी. रात्रभरात ८६ मायक्रोग्रॅम कण आत गेले, तर त्या दोन तासांत ३३०.

गच्चीवरच्या यंत्राला यातलं काहीच दिसत नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्या, एकच अॅप वापरणाऱ्या दोघांचा दिवसाचा हिशेब एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट निघू शकतो तो यामुळेच.

अंगावर बाळगायची प्रयोगशाळा

एका माणसाचं एक्स्पोजर मोजायची सर्वांत विश्वासाची पद्धत आजही जुनीच आहे: हवा गाळायची आणि गाळणीवर काय साठलं ते तोलायचं. कमरेला किंवा पाठपिशवीत एक छोटा पंप. त्यातून निघालेली नळी गळ्याजवळ, कॉलरला चिमट्याने अडकवलेली, कारण हवा मोजायची ती नाकाच्या हातभर परिसरातली. नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं एक भांडं असतं, त्याला सायक्लोन म्हणतात. आत शिरलेली हवा त्यात गरगर फिरते, जड कण बाहेर फेकले जाऊन भिंतीला चिकटतात आणि फक्त बारीक कण पुढच्या फिल्टरपर्यंत पोचतात.

ऐकायला सोपं. आता वजन करायची वेळ आली की काय होतं ते बघू. पंप मिनिटाला २ लिटर हवा खेचतो. चोवीस तासांत २,८८० लिटर, म्हणजे २.८८ घनमीटर. हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम असतील तर फिल्टरवर जमतील १४४ मायक्रोग्रॅम. स्वयंपाकातल्या मिठाचे दोन-तीन दाणे वजनाला साधारण तेवढे भरतील. तेवढी वाढ पकडायची म्हणजे वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर तोच फिल्टर ग्रॅमचा दहा लाखावा भाग वाचणाऱ्या तराजूवर ठेवायचा. पण फिल्टर हवेतला ओलावा शोषतो आणि त्याने वजन बदलतं, म्हणून दोन्ही वेळा तो आधी ठरावीक तापमान आणि ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवावा लागतो. फिल्टरवर स्थिर वीज साठली तर तराजू भलतंच वाचतो, म्हणून ती घालवावी लागते. बोटाचा पुसटसा ठसाही निकाल बिघडवायला पुरे. शिवाय प्रत्येक खेपेला काही कोरे फिल्टर नुसतेच सोबत नेऊन आणतात, त्यांच्यातून हवा जाऊच देत नाहीत. तरीही त्यांचं वजन वाढलं असेल तर ती प्रवासाची धूळ, ती बाकीच्यांतून वजा. 'हवा मोजली' या दोन शब्दांमागे इतकी कटकट असते, आणि एवढं करूनही हातात येतो दिवसाचा फक्त एक आकडा. टोकं त्यात दिसत नाहीत.

टोकं दिसतात माझ्याकडच्यासारख्या छोट्या सेन्सरमध्ये. त्यात लेसरचा किरण असतो. कण त्यातून गेला की प्रकाश विखुरतो, आणि त्या चमकेवरून कणांची संख्या आणि आकार ताडला जातो. लक्षात घ्या, तोललं काहीच जात नाही. कण गोल आहे, त्याची घनता अमुक आहे, असं गृहीत धरून वजनाचा अंदाज बांधला जातो. म्हणून दोन दोष राहतात. हवा दमट असली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर धुक्यालाच प्रदूषण समजतो. पावसाळी सकाळी आकडा अचानक दुप्पट दिसला तर लगेच घाबरू नये. दुसरा दोष उलट्या बाजूचा. ०.३ मायक्रॉनहून लहान कण या लेसरला फारसे दिसतच नाहीत, आणि गाडीच्या धुराड्यातून नुकतेच निघालेले बहुतेक कण त्याच मापाचे असतात. थोडक्यात, धुक्यात हा सेन्सर ओरडतो आणि डिझेलच्या ताज्या धुरात शांत बसतो. अशा सेन्सरचा आकडा मी बातमीसारखा वाचत नाही. कालच्यापेक्षा आज, इथल्यापेक्षा तिथे, अशा तुलनेला मात्र तो छान उपयोगी पडतो.

काळ्या काजळीसाठी वेगळं हातातलं उपकरण मिळतं. त्यात फिल्टरच्या पट्टीवर काजळी साचत जाते आणि आरपार जाणारा प्रकाश किती मंदावला यावरून काजळी मोजली जाते. वाहनं आणि चुली ओळखायला ते लेसरपेक्षा चांगलं.

वायूंसाठी तर पंपही लागत नाही. १९७६ साली एडवर्ड पामस यांनी बोटाएवढी एक नळी सुचवली: एक तोंड उघडं, दुसऱ्या टोकाला रसायन लावलेली जाळी. नायट्रोजन डायऑक्साइड आपोआप नळीत पसरत जातो आणि जाळीवर अडकतो. कपड्याला लावा, विसरून जा, आठवड्याने प्रयोगशाळेत पाठवा. याच धर्तीवर अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सिलिकॉनचे मनगटपट्टे वापरून दाखवले. कार्यक्रमांत वाटतात तसलेच हे रबरी पट्टे, पण हवेतली शेकडो रसायनं ते शोषून घेतात. मुलांनाही ते घालायला आवडतात. या क्षेत्रात ती फार मोठी गोष्ट आहे.

कारण सगळ्या पद्धतींचा खरा शत्रू माणूसच. पंप गुणगुणतो, झोपमोड करतो, बसमध्ये लोक वळून बघतात. मग तो काढून खुर्चीवर ठेवला जातो आणि दिवसभर खुर्चीचं एक्स्पोजर मोजत बसतो. म्हणून आता उपकरणांत हालचाल ओळखणारी चिप घालतात, म्हणजे ते खरंच अंगावर होतं की नाही ते कळतं. वर आपण मोजले जातोय हे माहीत असलं की माणूस शहाण्यासारखा वागू लागतो. त्या आठवड्यात मीही दोनदा लांबच्या गल्लीतून गेले. एरवी गेले नसते.

शेवटची युक्ती म्हणजे शरीरालाच विचारणं. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात संशोधकांनी निरोगी मुलांच्या थुंकीतून फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येक पेशीत काळा कार्बन किती साठलाय ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांच्या पेशी जास्त काळ्या, त्यांची फुप्फुसाची क्षमता कमी आढळली. बेल्जियममधल्या हॅसल्ट विद्यापीठातल्या गटाला २०१९ मध्ये वारेच्या गर्भाकडच्या बाजूलाही काजळीचे कण दिसले. श्वासाबरोबर आत गेलेला कण फुप्फुसात थांबत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा काय हवा.

धुळीचा खासगी ढग

अंगावर मोजायला लागल्यावर पहिल्यांदा जे दिसलं त्याने संशोधकही चक्रावले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहरात १७८ जणांच्या अंगावर फिल्टर लावले, त्याच वेळी त्यांच्या घरात आणि घराबाहेरही. दिवसा घरात आणि बाहेर पीएम १० (१० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) साधारण सारखंच निघालं, ९५ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मग माणसाच्या अंगावर किती यायला हवं? घरात ९५, बाहेर ९५, म्हणजे ९५. आलं १५०.

माणूस चालतो, सतरंजी झटकतो, कपाट उघडतो, अंथरूण सारखं करतो, आणि प्रत्येक हालचालीने आपल्याभोवती धूळ उठवतो. याला 'पर्सनल क्लाउड' असं नाव पडलं, आपापला खासगी ढग. खोलीच्या कोपऱ्यातल्या यंत्राला तो दिसत नाही.

त्याच्या आधी, १९८० च्या दशकात, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतले लान्स वॉलेस यांनी बेन्झिनसारख्या वायूंबाबत असंच काहीतरी दाखवलं होतं. हवेत बेन्झिन सोडण्यात वाहनांचा वाटा प्रचंड, सिगारेटचा नगण्य. पण लोकांच्या श्वासात शिरणाऱ्या बेन्झिनच्या हिशेबात सिगारेट एकदम वरच्या ओळीत आली. का, ते उघड आहे. धुराड्यातला धूर आभाळात विरतो, सिगारेटचा नाकापासून वीतभर अंतरावर असतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे संशोधक कर्क स्मिथ हे हजाराच्या हिशेबात सांगत: घरात सोडलेला एक ग्रॅम धूर कुणाच्या तरी फुप्फुसात जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या ग्रॅमपेक्षा साधारण हजारपट. धोरणं धुराड्यातून किती निघालं ते मोजतात. शरीराला मतलब असतो किती आत शिरलं त्याच्याशी.

याच स्मिथ यांनी ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात एक प्रयोग केला, आणि वैयक्तिक मोजणीचं महत्त्व मला त्याच्याइतकं कशातच दिसत नाही. लाकडाच्या उघड्या चुली असलेली ५३४ घरं. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना धुराडं असलेली चूल दिली, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. घरातल्या तान्ह्या मुलांना न्यूमोनिया किती होतो हे पाहायचं होतं. मुलांच्या कपड्यांना कार्बन मोनॉक्साइड मोजणाऱ्या नळ्या लावल्या. बाळाच्या पाठीवर पंप बांधता येत नाही, आणि लाकडाच्या धुरात हा वायू कणांच्या सोबतीने वाढतो.

स्वयंपाकघरातला धूर सुमारे ९० टक्क्यांनी घटला. कुणीही म्हणेल, काम फत्ते. पण मुलांच्या कपड्यांवरच्या नळ्यांनी घट दाखवली साधारण ५० टक्केच. कारण बाळ काही सदैव त्या स्वयंपाकघरात नसतं. धुराड्यातून निघालेला धूर अंगणात उतरतो, शेजारच्या उघड्या चुलीचा आत येतो. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा डॉक्टरांनी निदान केलेल्या न्यूमोनियात दोन गटांमधला फरक आकडेशास्त्राच्या कसोटीला पुरेसा उतरला नाही. पण कुणाला चूल मिळाली हे बाजूला ठेवून, प्रत्येक मुलाचं मोजलेलं एक्स्पोजर आणि त्याचा आजार शेजारी मांडला, तेव्हा संबंध स्वच्छ दिसला: धूर कमी, न्यूमोनिया कमी. नळ्या नसत्या तर 'चुली बदलून उपयोग नाही' असा निष्कर्ष निघाला असता.

दर वेळी गोष्ट अशी सुरळीत संपत नाही, हेही सांगायला हवं. पुढे ग्वाटेमाला, भारत, पेरू आणि रवांडा अशा चार देशांत जवळपास ३,२०० गरोदर बायकांवर मोठा प्रयोग झाला. अर्ध्या जणींना गॅसची शेगडी आणि फुकट गॅस. त्यांचं पीएम २.५ चं एक्स्पोजर अंगावर मोजलं तर मध्यांक २४ आला, बाकीच्यांचा ७० च्या थोडा वर. एवढी घट याआधी क्वचितच कुणी साधली होती. तरी बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक पडला नाही. का, यावर वाद चालू आहेत. पण मोजणी पक्की असल्यामुळे 'शेगडी वापरलीच नसेल' ही पळवाट तरी कुणाला उरली नाही.

मग गच्चीवरचं यंत्र निरुपयोगी?

एवढं वाचून कुणी म्हणेल, गच्चीवरचं यंत्र आपलं काही सांगतच नसेल तर त्याच्यावर बेतलेले सगळे अभ्यास कचऱ्यात टाका. हा आक्षेप खरंच घेतला गेला होता, आणि जोरात. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं माग काढून हार्वर्डच्या गटाने १९९३ मध्ये सांगितलं की सर्वांत मळक्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त आहे, सिगारेट वगैरेचा हिशेब वेगळा करूनही. प्रदूषणाचा आकडा होता शहरातल्या एका यंत्राचा. उद्योगांनी आरडाओरड केली, मूळ माहितीची त्रयस्थांकडून फेरतपासणी झाली, आणि निष्कर्ष टिकला.

कसा टिकला? माझ्या घरातलं तेल तापणं आणि तुमच्या घरातलं तेल तापणं यांचा शहरावरच्या धुरक्याशी काही संबंध नाही. धुरकं दाटलं म्हणून त्या दिवशी सगळेच जास्त तळत नाहीत. त्यामुळे घरातले स्रोत म्हणजे गोंगाट: एकाच्या बाबतीत आकडा वर, दुसऱ्याच्या बाबतीत खाली, हजारो माणसं एकत्र घेतली की बरंचसं फिटून जातं. उरतो तो बाहेरून आत झिरपणारा वाटा, आणि तो मात्र बाहेरच्या यंत्रासोबतच वरखाली होतो. हे तपासायला एक सुरेख युक्ती आहे. सल्फेटचे कण घरात जवळजवळ तयार होतच नाहीत. म्हणून अंगावरच्या फिल्टरवर सापडलेलं सल्फेट बाहेरच्या सल्फेटशी ताडून पाहिलं की बाहेरची हवा किती आत पोचली ते कळतं.

ढोबळ मोजणीने बहुतेक वेळा उलटी चूक होते, खरा परिणाम आहे त्यापेक्षा छोटा दिसतो. धूसर चष्म्यातून पाहिलं की डोंगर बुटका वाटावा तसं. जिथे मापन सुधारतं तिथे बऱ्याचदा संबंध अधिक ठळक होतो.

शरीरात काय घडतं

प्रदूषण म्हणजे खोकला आणि दमा अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बारीक कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. कण फुप्फुसाच्या फुग्यात अडकला की शरीर त्याला घुसखोर समजतं. सूज येते, सूज आणणारी रसायनं रक्तात उतरतात, रक्त गुठळी धरायला अधिक तयार होतं, हृदयाच्या लयीवर ताबा ठेवणाऱ्या नसा बिथरतात. धमनीत आधीच साचलेला थर फुटायला एवढं निमित्त पुरतं.

लंडनच्या एका प्रयोगात हे अगदी साध्या पद्धतीने पाहिलं. दमा असलेल्या ६० जणांना दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटवर चालवलं. त्या रस्त्यावर त्या काळी डिझेलच्या बस आणि टॅक्सींनाच परवानगी होती. दुसऱ्या एका दिवशी त्याच माणसांना जवळच्या हाइड पार्कमध्ये तितकंच चालवलं. दर थोड्या वेळाने फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजली. बागेत ती जास्तीत जास्त १.९ टक्क्यांनी उतरली, रस्त्यावर ६.१ टक्क्यांनी. माणूस तोच, चाल तीच. २००७ मध्ये हा निकाल छापून आला तेव्हा सर्वांत मोलाची ठरली ती हीच गोष्ट, की तुलना प्रत्येकाची स्वतःशीच होती.

मुलांची गोष्ट आणखी नाजूक. न्यूयॉर्कमध्ये १९९८ पासून कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने शेकडो गरोदर बायकांना दोन दिवस मोजणीची पाठपिशवी वागवायला लावली, रात्री ती उशाशी. मुलं पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं तर ज्यांच्या आयांनी जळणातून निघणारी विशिष्ट रसायनं जास्त श्वासात घेतली होती त्यांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे ४ गुणांनी कमी होता. एका मुलाच्या बाबतीत ४ गुण म्हणजे काहीच नाही, वर्गात कळणारही नाही. एका पिढीच्या बाबतीत ते फार झालं.

जोखमीचा आलेखही सरळ रेषेत जात नाही. सुरुवातीला तो झपकन चढतो आणि पुढे सपाट होत जातो. ५ मायक्रोग्रॅमवरून ३० वर जाण्याची शरीराला मोजावी लागणारी किंमत १५० वरून १७५ वर जाण्यापेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली ती यामुळे: अजून तरी 'इथून खाली निर्धोक' अशी पायरी सापडलेली नाही.

आपला आकडा हातात आला की

सेन्सर विकणारे आपल्याला वाटायला लावतात की आकडा कळला म्हणजे तब्येत कळली. तसं नाही. आजचं माझं एक्स्पोजर ४५ आलं म्हणून माझ्या हृदयाचं काय होणार हे कुणीच सांगू शकत नाही. जोखीम समूहावरून काढलेली असते, आणि शिवाय ती वर्षांच्या सरासरीशी बांधलेली असते, एका वाईट संध्याकाळशी नाही. (दम्याचे किंवा हृदयाचे रुग्ण याला अपवाद, त्यांच्यासाठी एक संध्याकाळही महागात पडू शकते.)

आकडा कामाला येतो तो टोकं ओळखायला. टोकं बहुधा मोजकी असतात आणि त्यातली निम्मी आपल्या हातातली. तेल धुरावण्याआधी आच कमी करणं, खिडकी उघडणं किंवा धूर ओढणारा पंखा लावणं, तेही आधी, नंतर नाही. मोठ्या रस्त्याला समांतर गल्ली. वाहनांतले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून दोन-तीनशे मीटरवर जवळपास आसपासच्या हवेइतके उतरतात, त्यामुळे एक गल्ली आत गेलं तरी फरक पडतो. वाहतूक तुंबलेली असताना गाडीतली हवा आतल्या आत फिरती ठेवणं, मात्र लांबच्या प्रवासात अधूनमधून काच उघडून, कारण कण कमी होतात तसा कार्बन डायऑक्साइड वाढतो. एन९५ मास्क गाळतो उत्तम, पण गालाशी फट राहिली तर तो गळ्यातल्या रुमालाइतकाच. बाकी अर्धी टोकं आपल्या हातात नसतात. सिग्नलला पुढे उभा असलेला ट्रक मी बंद करू शकत नाही.

एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी लंडनमध्ये अशाच एका रहदारीच्या रस्त्यापासून जेमतेम तीस मीटरवर राहायची. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत पंचवीसहून जास्त वेळा ती रुग्णालयात गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये वारली. तिच्या अंगावर कधी कुठलं उपकरण नव्हतं. आईने हट्ट सोडला नाही. पुढे स्टीफन होलगेट या फुप्फुसतज्ज्ञांनी तिच्या रुग्णालयातल्या भरतीच्या तारखा काढल्या आणि घरापासून सुमारे मैलभरावरच्या मोजणी केंद्रांच्या जुन्या नोंदींशेजारी मांडल्या. तिचे झटके आणि त्या यंत्रांमधली टोकं एकमेकांशी लक्षणीयरीत्या जुळत होती. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत तीव्र दम्याबरोबर 'वायुप्रदूषणाशी आलेला संपर्क' असं लिहिलं. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत हे शब्द पहिल्यांदाच आले.